मातीची परतफेड

'उकिरडा' हा शब्द आज मराठीत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. मुलाची खोली आवरलेली नसली की आई म्हणते, "काय उकिरडा करून ठेवला आहेस!" शहराच्या बकालपणाचे वर्णन करायचे झाले की बातमीदाराच्याही हाताशी हाच शब्द लागतो. पण दोन पिढ्यांपूर्वीच्या शेतकऱ्याला विचारले असते, तर उकिरडा ही त्याच्या घरची मालमत्ता होती. गोठ्याच्या अंगाला एक खड्डा असे. शेण, गुरांच्या पायदळी आलेले गवत, चुलीतली राख, भाजीची देठे, घरचा केर असे सारे त्यात पडे, आणि मृगाच्या आधी तो उपसून गाड्या भरभरून शेतावर जात. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, असे आपली म्हण सांगते. म्हणीतल्या उकिरड्याला बारा वर्षे थांबावे लागत असेल. खऱ्या उकिरड्याचे दिवस दरसाल फिरत होते.

शहरात आल्यावर आपण हा उकिरडा मागे टाकला. त्याची जागा आधी पत्र्याच्या पिंपाने घेतली, मग प्लास्टिकच्या पिशवीने आणि आता हिरव्या-निळ्या डब्यांनी. डबा दाराबाहेर ठेवला, घंटागाडी आली आणि गेली, की आपल्यापुरता विषय संपतो. तो खरोखरच संपतो का, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. आणि त्या विचाराला निमित्त म्हणून मला एका अगदी साध्या वस्तूबद्दल लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे वाफ्यात उभा पुरलेला, भोके पाडलेला दोन फुटी पाइप.

गेली काही वर्षे घरगुती बाग करणाऱ्यांमध्ये ही युक्ती रुजते आहे. स्वयंपाकघरातल्या साली, देठे, चहाचा चोथा हे सारे खताच्या वेगळ्या पिंपात न साठवता थेट वाफ्यातल्या पाइपात टाकायचे आणि वर झाकण लावायचे. आजूबाजूच्या मातीतली गांडुळे भोकांतून आत येतात, खातात, आणि पोट भरले की पुन्हा मातीत जातात. खत वेगळे करावे लागत नाही, उपसावे लागत नाही, पसरावे लागत नाही. ते जिथे हवे तिथेच तयार होते. पाइपाला गांडुळांची खानावळ म्हणावे, इतका हा साधा मामला आहे.

युक्ती जगात कुठेही करता येईल. पण नवी मुंबईतल्या बोनकोडे गावासारख्या ठिकाणी तिला एक निराळा अर्थ येतो, आणि तो समजण्यासाठी या मातीचा थोडा इतिहास पाहायला हवा.

बोनकोडे, खैरणे, कोपरी, घणसोली ही ठाणे खाडीच्या पूर्वकाठची आगरी-कोळ्यांची गावे. भरतीच्या पाण्याला बांध घालून त्यामागे खारी भातशेती, खाडीत मासेमारी, कुठे मिठागरे, असा इथला संसार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि मुंबईचा भार हलका करणारे नवे शहर वसवण्यासाठी ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. खाजणे मुरमाने भरून निघाली, भूखंड पडले, सेक्टरांना आकडे मिळाले. गावठाणे जागच्या जागी राहिली आणि शहर त्यांना चहूबाजूंनी भिडले. शेत गेले तसा गोठा गेला, गोठा गेला तसा उकिरडा गेला. घरामागचे परस, त्यातली केळ, सांडपाण्यावर वाढणारे अळू, हेही हळूहळू पायऱ्यांखाली आणि पार्किंगखाली गेले. ज्या मातीला शेतकरी 'जमीन' म्हणत होता तिला आपण 'प्लॉट' म्हणू लागलो. प्लॉटचा भाव चौरस मीटरवर ठरतो. त्यात गांडूळ आहे की नाही, हे खरेदीखतात लिहीत नाहीत.

आता कचऱ्याचे पाहा. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. वाढत्या शहराचा कचरा पुढे काही वर्षे कोपरखैरण्याच्या क्षेपणभूमीवर पडत होता, म्हणजे बोनकोडे गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नंतर ती क्षेपणभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद केली गेली आणि तिच्यावर निसर्ग उद्यान उभे राहिले. सकाळ-संध्याकाळ माणसे तिथे फिरायला जातात, मुले खेळतात. एका शहराने आपल्या जुन्या उकिरड्याची दैना फेडली, असे म्हणायला हरकत नाही, आणि त्याबद्दल पालिकेला श्रेय द्यायलाच हवे. पण कोपरखैरण्याचा कचरा थांबला म्हणजे कचरा थांबला असे नव्हे. तो तुर्भ्याला जाऊ लागला. तिथे त्याच्यापासून खतही तयार केले जाते. तरीही शहर वाढते तसा डोंगर वाढतो आणि त्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या वस्त्यांना नाकाला पदर लावावा लागतो. कचरा 'बाहेर' टाकतो असे आपण म्हणतो, तेव्हा ते 'बाहेर' नेहमी कोणाचे तरी गाव असते. काल ते बोनकोडे-कोपरखैरणे होते, आज ते तुर्भे आहे.

तुर्भ्याचा योगायोगही विचार करण्यासारखा आहे. मुंबईच्या घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलल्या, आणि आज महामुंबईच्या ताटातली बरीचशी भाजी त्या बाजारातूनच येते. नाशिकचा कांदा, जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो, साताऱ्याचे आले रात्रीच्या ट्रकने तुर्भ्याच्या बाजारात उतरते. तिथून ते कोपरखैरण्याच्या मंडईत येते, आपल्या पिशवीतून घरी येते, आणि त्याची साल दुसऱ्या दिवशी घंटागाडीतून पुन्हा तुर्भ्यालाच जाते. फरक एवढाच, की येताना ते बाजारात उतरते आणि जाताना क्षेपणभूमीवर.

माझे आयुष्य बँकेत गेले. आमच्या काळी संध्याकाळी जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय शाखेतून कोणी घरी जात नसे. पाच रुपयांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत दिवे जळत. त्या सवयीने या व्यवहाराकडे पाहिले तर डोके चक्रावते. जुन्नरच्या शेताच्या खात्यावर रोज रक्कम नावे पडते आहे. भाजीतून नत्र, पालाश आणि स्फुरद शहरात येते, आणि त्या खात्यात उलट जमा होते ते गोणीतले रासायनिक खत, तेही शेतकऱ्याने कर्ज काढून घेतलेले. मातीतून गेलेले मातीत परत येत नाही. शहराकडे मात्र तीच संपत्ती कुजून घाण होते.

बोनकोड्यात पुरलेल्या पाइपाने जुन्नरची माती सुधारणार नाही, हे उघड आहे. पण निदान आपल्या दाराशी असलेली, मुरमाखाली गुदमरलेली माती पुन्हा जिवंत होऊ शकते. ज्या गावाने शहरासाठी आपली जमीन दिली, त्या गावाच्या उरल्यासुरल्या वाव-दोन वाव जमिनीचा जीव तरी शहराने परत करावा, असे मला वाटते.

आता पाइपाविषयी. साहित्य फारसे लागत नाही. सहा इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा दोन फुटांचा तुकडा पुरतो. इमारतीच्या सांडपाण्याच्या कामातून उरलेला तुकडा प्लंबरकडे सहज मिळतो. खालच्या दीड फुटाला सर्व बाजूंनी, दोन-दोन इंचांवर, करंगळीचे टोक जाईल एवढी भोके पाडावीत. भोके त्याहून मोठी करू नयेत, उंदीर शिरतात. खालचे तोंड उघडे ठेवून त्याला बारीक तारेची जाळी बांधावी, म्हणजे गांडुळे येतील आणि घूस येणार नाही. वाफ्यात दीड फूट खोल खड्डा घेऊन पाइप उभा ठेवावा आणि भोवतीची माती दाबून घ्यावी. वरचा अर्धा फूट जमिनीबाहेर राहील. त्यावर घट्ट झाकण हवे. झाकण मिळाले नाही तर मातीची कुंडी उपडी घालून वर वीट ठेवली तरी चालते.

तळाशी चार मुठी शेणखत किंवा जुन्या बागेतली माती टाकावी. विकतची गांडुळे आणण्याची गरज नसते. जमिनीत ओल आणि खाणे असले की आसपासची आपणहून येतात. मात्र भरावाच्या जमिनीत मुळात गांडुळेच नसतात, म्हणून तिथे पहिल्या वर्षी वाफ्यात शेणखत आणि पालापाचोळा मिसळून, एखादी बादली जिवंत माती बाहेरून आणून सुरुवात करावी लागते. मग रोजचे काम दोन मिनिटांचे आहे. साली-देठे बोटाच्या पेराएवढी चिरून टाकायची आणि त्यावर तेवढाच सुका पाचोळा घालायचा.

हा सुका पाचोळा विसरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, "वास येतो." कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. हिरव्या साली आणि चहाचा चोथा यांत नत्र जास्त, वाळलेली पाने आणि कागदाचे कपटे यांत कर्ब जास्त. दोन्ही मिळाले तर जंगलातल्या जमिनीसारखा पावसाळी वास येतो. नुसते ओले कोंडले तर हवा मिळत नाही आणि सडका वास सुटतो. नवी मुंबईत सुक्या पाचोळ्याला तोटा नाही. माघ-फाल्गुनात रस्त्याकडेची झाडे पानगळीने रस्ते झाकून टाकतात, आणि आपण ती पाने झाडून पेटवून देतो. एक पोते भरून ठेवले तर वर्षभर पुरते.

हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. चार माणसांच्या घरात रोज अर्धा किलो साली-देठे निघतात असे धरले, तर वर्षाला ते १८० किलोच्या वर जाते. सहा इंची, दोन फुटी पाइपात दहा लिटरच्या आसपास माल मावतो, म्हणजे एक पाइप भरायला दोन आठवडे लागतील, कारण खालचा माल रोज थोडा खचत असतो. असे चार पाइप वाफ्यात तीन-तीन फुटांवर पुरावेत आणि पाळीपाळीने भरावेत. पहिल्याची पाळी पुन्हा येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. आपल्या उष्ण-दमट हवेत तेवढ्यात त्यातला माल बराच खाली बसलेला असतो. भोवती टोमॅटो, मिरची, वांगी, कढीपत्ता काहीही लावावे. मुळे आपण होऊन पाइपाकडे वळतात. वर्षाकाठी एकदा पाइप उपटून शेजारच्या जागी पुरला, की सारा वाफा क्रमाक्रमाने खतावतो.

काय टाकू नये, हे काय टाकावे याहून महत्त्वाचे आहे. तेलकट, खारट, शिजवलेले उष्टे नको, दुधाचे पदार्थ नकोत, लिंबा-संत्र्याच्या साली ढीगभर नकोत. आणि मासळी-मटण तर नकोच. हा शेवटचा नियम बोनकोड्यासारख्या गावात अवघड आहे, कारण इथल्या स्वयंपाकघरात मासळीविना आठवडा जात नाही. पण त्यावरही इथल्या जुन्या घरांना उपाय माहीत होता. मासळी धुतलेले पाणी मोरीत न ओतता माडाच्या किंवा शेवग्याच्या बुडी जात असे. मासळीचे अवशेष माडाच्या आळ्यात खोल पुरण्याची रीत कोकणात सर्वत्र होती. खोल पुरले आणि वर माती घट्ट दाबली तर मांजर येत नाही. पाइपाच्या अर्ध्या फुटावर मात्र ते उघडे पडते, म्हणून पाइप शाकाहारीच ठेवावा.

पावसाळा ही दुसरी अडचण. या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. खाजणावरच्या सखल जमिनीत तेव्हा हातभर खाली पाणी लागते, पाइप विहिरीसारखा भरतो, आणि गांडुळे जीव वाचवायला वर येतात. म्हणून इथे वाफाच एक-दीड फूट उंच, विटांच्या कडेने बांधून घ्यावा आणि पाइप त्या उंचीतच पुरावा. आषाढ-श्रावणात पाइपात ओले कमी, सुके जास्त टाकावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा पाइपाचे एवढे कौतुक कशाला? कौतुक पाइपाचे नाही. या पाइपामागे महाराष्ट्राची आणि मराठी माणसांची एक मोठी परंपरा आहे, तिची आठवण करून द्यायची आहे.

जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाणारी खताची रीत होळकरांच्या इंदुरात, तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत, १९२४ ते १९३१ या काळात आकाराला आली. तिचे नाव घेताना सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतात. पण शेतातल्या टाकाऊ मालावरचे १९३१ सालचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक दोघांच्या नावावर आहे, आणि दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीच्या पायाशी एक वाड आडनावाचा माणूस उभा आहे, हे आपल्याला ठाऊकही नसते. हॉवर्डसाहेब शेतीतज्ज्ञ म्हणून आले होते, पण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यालाच आपण गुरू मानले, असे ते प्रांजळपणे सांगत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती रीत आणखी सोपी केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हे नाव पडले. विटांचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके, आणि भिंतीत ठिकठिकाणी मुद्दाम सोडलेली भोके. त्या भोकांतून हवा खेळते, म्हणून कुजण्याची क्रिया सडण्याकडे जात नाही. शेण थोडेच लागते, सुमारे शंभर किलो. त्या शेणाच्या विरजणावर शेतातला पालापाचोळा आणि माती मिळून तीन-चार महिन्यांत टनावारी खत निघते. विरजण हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्या घरात रोज रात्री दुधाला विरजण लावतात, तिथे हे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. वाफ्यातला भोकांचा पाइप म्हणजे पांढरीपांड्यांचे टाकेच आहे, घराच्या मापाने लहान केलेले आणि जमिनीत उतरवलेले.

पुढे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून सामान्य शेतकऱ्याला आणि गृहिणीलाही प्रयोगकर्ता मानले. थोड्या जागेत, घरच्या टाकाऊ मालावर, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून कुटुंबाला पुरेल एवढे पिकवता येते, हे त्यांचे सांगणे होते. त्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदीतल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर या शतकाच्या सुरुवातीला बाग उभी राहिली. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवला आणि सिमेंटवर फळझाडे वाढवली. ठाणे खाडीच्या पलीकडच्या काठावर, सिमेंटच्या गच्चीवर जे जमले, ते अलीकडच्या काठावर, मातीत जमू नये असे काही नाही.

परदेशी उदाहरणही याच जातीचे आहे. आफ्रिकेतल्या लेसोथो या डोंगराळ देशात दगडांचा गोल वाफा रचून त्याच्या मधोमध काठ्यांची उभी टोपली ठेवतात आणि घरातला ओला कचरा व सांडपाणी त्या टोपलीत घालतात. आजारी आणि म्हाताऱ्या माणसालाही उभ्या उभ्या भाजी करता यावी, म्हणून तिथे हे वाफे लोकप्रिय झाले. आणि गांडुळांची थोरवी सांगायला चार्ल्स डार्विनसारखा साक्षीदार आहे. आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, त्याने गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाते, असा अंदाज त्याने बांधला होता.

तेव्हा ज्ञान नव्हते म्हणून आपण कचरा तुर्भ्याला पाठवतो, असे म्हणता येणार नाही. कायदाही आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले, आणि २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे ही प्रत्येक कुटुंबाची जबाबदारी ठरवली. नवी मुंबई स्वच्छतेच्या देशव्यापी स्पर्धेत वरच्या क्रमांकावर येत राहिली आहे. ज्ञान, कायदा आणि बक्षीस हे तिन्ही असूनही आपला हात सालीला लागायला तयार नसतो. अडचण हातात आहे.

आणि इथे मुद्दा बागेपलीकडे जातो. आपल्या घाणीची विल्हेवाट दुसऱ्याने लावायची आणि लावणाऱ्याला हलके लेखायचे, ही आपल्याकडची फार जुनी व्यवस्था आहे. तिला जातीचे अस्तर आहे, हे कोणी नाकारू नये. आपल्याच भाषेत मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. पण सोने म्हणून त्याची किंमत करणाऱ्या समाजाने ते वाहणाऱ्या माणसाला मात्र शिवून घेतले नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे ओळखले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. पुढे कणकवलीजवळ १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैला, मेलेली जनावरे, शेतातला कचरा, समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या साऱ्याच वस्तूंतून खत आणि उपयोगी वस्तू करण्याचे प्रयोग केले. घाण ही वस्तूत नसून तिच्याकडे पाठ फिरवण्यात आहे, हे त्यांनी हाताने काम करून दाखवले.

आपण ओले आणि सुके एकाच पिशवीत बांधतो, तेव्हा ती पिशवी कोणाच्या तरी बोटांनी फाडावी लागते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करण्याचे काम नव्वदीच्या अखेरीस हाती घेतले, तेव्हापासून हे वास्तव वारंवार पुढे आले आहे. आंबलेल्या आमटीत भिजलेला कागद विकला जात नाही, आणि त्यात लपलेली फुटकी काच हात कापते. ज्या घरातला ओला कचरा घरीच जिरतो, त्या घरातून बाहेर जाणारा सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ असतो. वेचणाऱ्या बाईला त्याचे जास्त पैसे मिळतात आणि तिचा हात शाबूत राहतो. वाफ्यातल्या पाइपाचा हा फायदा मला मिरच्या-टोमॅटोंहून मोठा वाटतो.

हवेचाही प्रश्न आहे. शहरी कचऱ्यात ओल्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. तो ढिगात दबून, हवेवाचून कुजला की मिथेन वायू होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर साऱ्या मुंबईने गिळला. क्षेपणभूमी बंद करून बाग केली तरी आतला वायू निघून जावा म्हणून तिच्यात नळ्या बसवाव्या लागतात. तीच साल वेळेवर वाफ्यात गेली तर तिथे तिला हवा मिळते आणि त्या वायूचा प्रश्नच उरत नाही.

पाइपाच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर ती जाहिरात होईल. बोनकोड्याच्या गावठाणात आज घराला घर लागले आहे. चारमजली इमारतीतल्या भाडेकरूने पाइप पुरायचा कोठे? सेक्टरांतल्या फ्लॅटवाल्यांनाही तोच प्रश्न पडेल. म्हणून हे काम एकट्या घराचे न राहता सामाईक झाले पाहिजे. सोसायटीच्या कुंपणालगत तीन फुटांची पट्टी असते. तिच्यावर सध्या फरशी तरी असते नाहीतर मोडकी सायकल. तिथे उंच वाफे करून दर बिऱ्हाडामागे दोन पाइप दिले तर निदान तळमजल्याच्या आणि हौशी घरांच्या साली तिथे जिरतील. सेक्रेटरी उंदरांची भीती घालतील, ती अनाठायी नाही. जाळी, झाकण आणि उष्टे न टाकण्याचा नियम पाळला तरच ती दूर होईल, आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहायला रोज एका घराची पाळी लावावी लागेल. गावात देवळाचे आवार आहे, शाळेचे कुंपण आहे. निर्माल्याला तर याहून चांगली जागा नाही. देवाला वाहिलेले फूल पाण्यात सोडून पाणी नासवण्यापेक्षा मातीत विरले तर त्यात पावित्र्य कमी होत नाही.

पालिकेने तीन गोष्टी कराव्यात. तिच्या उद्यानांत वाळलेली पाने जाळली जाऊ नयेत, ती पोत्यांत भरून नागरिकांना न्यायला मिळावीत. प्रत्येक उद्यानाच्या एका कोपऱ्यात पाइपांचे वाफे असावेत, म्हणजे लोकांना पाहून शिकता येईल. आणि जे घर किंवा सोसायटी आपला ओला कचरा आवारातच जिरवते, तिला मालमत्ता करात सवलत मिळावी. पुण्यात गांडूळखत करणाऱ्यांना अशी सवलत देण्याचा पायंडा आहे. ही खिरापत समजू नये. घंटागाडीचे डिझेल आणि तुर्भ्याची जागा वाचते, त्या बचतीतला तो वाटा आहे.

शाळांनी एक करावे. पर्यावरणाच्या धड्याखाली मुलांकडून तक्ते रंगवून घेण्याऐवजी एक पाइप पुरून द्यावा. महिन्याने तो उपटून दाखवावा. साल दिसेनाशी झाली, तिच्या जागी काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती आली आणि तिच्यात गांडुळे वळवळत आहेत, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, ते 'कचरा' हा शब्द पुन्हा तितक्या सहजपणे वापरणार नाही.

ज्यांच्याकडे हातभर माती आहे त्यांनी चार पाइपांची वाट न पाहता एकाने सुरुवात करावी. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, जमीन वाफशावर येते. मूठ दाबली तर ढेकूळ होते आणि सोडली तर फुटते, इतपत ओल तिच्यात असते. शेतकरी त्या वेळेची वाट पाहत असे, आणि पाइप पुरायलाही तीच वेळ बरी. पहिल्या महिन्यात फारसे काही दिसणार नाही. दुसऱ्या महिन्यात झाकण उघडले की रोज टाकलेले रोज कुठे जाते, असा प्रश्न घरात कोणीतरी विचारील. त्याचे उत्तर तुर्भ्यापर्यंत न जाता दाराशीच देता येईल, आणि होळीच्या सुमारास त्या उत्तराला मिरच्याही लागलेल्या असतील.